कमी व्होल्टेजचं गाणं

माइकला ओठ लागून शॉक बसला नाही, असा गायक सत्तरच्या दशकात सोलापुरात शोधूनही सापडला नसता. मांडववाल्यांना अर्थिंग ही चैनीची गोष्ट वाटायची. गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, हात तारांवर, आणि गाता गाता तोंड जरा पुढे गेलं की ओठाला इंगळी डसायची. मग आम्ही माइकला रुमाल गुंडाळायला लागलो आणि पायात रबरी चपला घालून स्टेजवर उभे राहायला लागलो. लोकांना वाटलं, ही परदेशी फॅशन आहे. पुढे एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये भावगीत म्हणणाऱ्या मुलीनेही माइकला रुमाल बांधलेला मी पाहिला. आमच्या कलेचा सोलापूरवर झालेला एवढाच काय तो परिणाम.

मी रॉक वाजवायचो, असं सांगितलं की लोक आधी माझ्या टकलाकडे बघतात. तेव्हा केस होते आणि ते खांद्यापर्यंत होते, यावर माझ्या सुनेचा अजून विश्वास बसलेला नाही. आमचं भुसाराचं दुकान. घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी. वडील गिऱ्हाइकांपुढे माझी ओळख "हे आमचे वाजंत्री" अशी करून द्यायचे आणि वर "लग्न ठरलं असंल तर सांगा" असंही म्हणायचे. मी रागाने लाल व्हायचो. पण खरं तर ते चुकीचं काही बोलत नव्हते.

ग्रुप चौघांचा होता. मी गिटारवर. बेस गिटारवर वसंता. त्याच्या मामांचं नवी पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून तर आमचा अँप्लिफायर जन्माला आला. ड्रमवर इस्माईल, लग्नाच्या बँडवाल्यांच्या घरातला. हातात काठी धरूनच जन्मला असावा. आणि गायक नरसय्या.

नरसय्या तेलुगू विणकरांच्या घरातला. घराच्या पुढच्या खोलीत विजेवरचे माग, मागच्या खोलीत संसार. दिवसभर तो चादरी विणायचा आणि संध्याकाळी अंगावरचा सुताचा भुसा झटकत आमच्याकडे यायचा. मागाच्या खडखडाटात राहून त्याला बोलताना ओरडायची सवय लागली होती, पण गायला लागला की आवाज असा खाली उतरायचा की ऐकणारा आपोआप पुढे सरकायचा. रुंद, जड, सावकाश आवाज. असा आवाज मी नंतरही कुणाचा ऐकला नाही आणि हे मी मैत्रीखातर म्हणत नाही.

त्याच्या वडिलांना हे गाणं मान्य नव्हतं. मागावर माणूस कमी पडत होता, घरात बहिणी लग्नाच्या होत्या. शेवटी त्यांनी मुलाला सांगून टाकलं, "ह्या लग्नसराईपर्यंत काय ते कर. पोट भरायला लागलं तर गा. न्हाय तर गुपचूप मागावर बस." आम्हा बाकीच्यांना मागे दुकान होतं, घर होतं, आमचं काही अडत नव्हतं. नरसय्याचं मात्र सगळं त्या लग्नसराईवर येऊन थांबलं होतं आणि ते आम्हाला चौघांनाही माहीत होतं.

आता धंदा कसा चालायचा ते सांगतो. नुसतं रॉक ऐकायला सोलापुरात कोण येणार? आम्ही एका ऑर्केस्ट्रात होतो. तिथे सगळी हिंदी सिनेमाची गाणी. मध्येच मुख्य गायक चहाला उठले की निवेदक आमचं नाव घ्यायचा, "आता पाश्चात्त्य संगीताची एक झलक" असं म्हणायचा, आणि अर्धं पब्लिक विडी ओढायला उठायचं. उरलेलं अर्धं झोपलेली पोरं मांडीवर असल्यामुळे बसून राहायचं. त्याशिवाय आमचे स्वतंत्र कार्यक्रम म्हणजे रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल, गिरणीच्या साहेबलोकांचा क्लब, सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलची गच्ची, आणि हौशी श्रीमंतांची लग्नं. कुठेही गेलो तरी कुणी तरी पुढे येऊन विचारायचंच, "गाणं कधी सुरू होणार?" आम्ही तेव्हा तिसऱ्या गाण्यात असायचो.

गाणी बसवायची पद्धत अशी की नोटेशन आम्हाला कुणालाच येत नव्हतं. रेकॉर्ड हाच गुरू. मामांनी दुकान बंद केलं की आत आम्ही बसायचो आणि त्यांच्या रेकॉर्ड प्लेअरवर एकच गाणं पुन्हा पुन्हा लावायचो. सुई उचलायची, मागे ठेवायची, दोन ओळी ऐकायच्या, वाजवायच्या, परत सुई मागे. रेकॉर्ड झिजून पांढरी पडायची. आधी रेकॉर्डच्या सुराला गिटारच्या तारा लावून घ्यायच्या, मग बाकीचं. नरसय्या इंग्रजी शब्द तेलुगू अक्षरात लिहून घ्यायचा. अर्थ मी सांगायचो, तोही अर्धा अंदाजाने.

आमचं सगळ्यात आवडतं गाणं एका परदेशी ग्रुपचं होतं. स्टेशनात गाडी सुटतेय आणि प्लॅटफॉर्मवर एक माणूस उभा आहे, असं काहीसं. संथ गाणं. मधे मधे बेस एकटाच चालत राहतो, मग ड्रम, मग आवाज. नरसय्या ते म्हणायला लागला की माझं गिटारवरचं लक्ष उडून त्याच्याकडेच लागायचं. आम्ही त्याला विरहगीत म्हणायचो.

फक्त ऑर्केस्ट्रातले अॅकॉर्डियनवाले मास्तर आमच्यावर खूश नसायचे. आमच्या गाण्यात दोन सूर धरायला गेले की त्यांचं काही जुळायचंच नाही. "तुमी सुरात उतरलेले आहात बे," ते वैतागून म्हणायचे. "सगळेच्या सगळे उतरलेले. एकाला पण कळंना का?" अॅकॉर्डियनचे सूर कारखान्यात पक्के बसवलेले असतात, ते हलत नाहीत. ही अक्कल आम्हाला नव्हती असं नाही. पण रेकॉर्ड परदेशातून आलेली आणि अॅकॉर्डियन मास्तरांचं, म्हणजे चूक कुणाची हे आमच्या दृष्टीने ठरलेलं होतं. इस्माईल तर त्यांना तोंडावर म्हणाला, "मास्तर, पेटी बुढ्ढी हो गई तुमारी. नवी लेव."

त्या गाण्याची एक आठवण सांगतोच. अक्कलकोटच्या पलीकडे एका गावात लग्न होतं. मुलाकडचा कुणी मुंबईला राहून आलेला, त्याने आम्हाला बोलावलेलं. दुपारच्या जेवणाच्या पंगती चालू आणि मांडवात आम्ही. गावाला गिटार ही वस्तूच नवी. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी मनात म्हटलं, हे आवरावं आणि निघावं. तेवढ्यात नरसय्याने ते संथ गाणं सुरू केलं. पहिल्या पंगतीतून हात धुऊन आलेले एक म्हातारे आजोबा स्टेजसमोर येऊन जमिनीवरच बसले. गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. संपल्यावर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "इन्नोम्मे हाडप्पा." म्हणजे, बाबा, आणखी एकदा गा. आम्ही आणखी एकदा गायलो. आजोबा डोळे पुसत होते. त्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं आणि नरसय्याला तरी कुठे सगळं कळत होतं! परत येताना ट्रकच्या हौद्यात नरसय्या ड्रमला टेकून बसला होता. मग एकदम मला म्हणाला, "शिवू, हे जमंल बे मला. मी हे करू शकतो." त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी होटगीला रेल्वेवाल्यांचा एक कार्यक्रम झाला. कुणा साहेबाची बदली होती. तिथे फर्नांडिस नावाचे एक वयस्कर गार्ड होते. आमचं संपल्यावर ते चालत स्टेजपाशी आले, नरसय्याचा हात हातात घेतला, आणि म्हणाले, "बहुत अच्छा गाता है तू. पण बाबा, इतका स्लो कशाला? गाडी लेट आहे काय?"

आम्हाला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांच्याकडे तीच रेकॉर्ड होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला क्वार्टरवर बोलावलं, चहा दिला आणि रेकॉर्ड लावली. आणि आमचं विरहगीत टणाटण उड्या मारत बाहेर आलं. तो माणूस प्लॅटफॉर्मवर रडत नव्हताच मुळी, गाडीत चढायला पळत होता. गायकाचा आवाज बारीक, उंच, नरसय्याच्या आवाजाशी काही संबंध नाही. फर्नांडिस काकांच्या दोन्ही मुली स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ठेका धरायला लागल्या. ते नाचायचं गाणं होतं.

आम्ही चौघं कपबशा हातात धरून बसून राहिलो.

वसंताला सगळ्यात आधी कळलं, रेडिओवाल्याचा भाचा तो. तडक सोलापुरात येऊन त्याने भर सकाळी मामांच्या प्लेअरवर आमची रेकॉर्ड लावली. गाणं जवळजवळ तसंच पळालं. संध्याकाळी शहरातले सगळे माग चालू, घराघरात दिवे चालू, त्यामुळे व्होल्टेज उतरायचं. दुकानातला बल्ब निखाऱ्यासारखा लाल व्हायचा, ते आम्ही रोज बघत होतो. त्याच विजेवर प्लेअरची मोटर फिरते, तीही ओढत ओढत चालणार, आणि मोटर मंद तर गाणं मंद, सूरही खाली, हे मात्र चौघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. सकाळी आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. सकाळी नरसय्या मागावर आणि मी दुकानात. आमची सगळीच्या सगळी गाणी उतरलेल्या विजेवर शिकलेली होती. आणि ती वीज उतरवणाऱ्या मागांमध्ये नरसय्याच्या घरचे मागही होते.

आधी आम्ही पोट धरधरून हसलो. मास्तरांची माफी मागितली. ते एवढे खूश झाले की त्यांनी भजी मागवली. हसण्यावारी संपलं असतं तर किती बरं झालं असतं!

पण फर्नांडिस काका भले माणूस. पुण्याच्या कॅम्पातल्या एका हॉटेलच्या मॅनेजरला ते ओळखत होते. हॉटेलला रोज संध्याकाळी वाजवायला ग्रुप हवा होता. पगार महिन्याचा, राहायची सोय. काकांनी शब्द टाकला आणि दिवस ठरवून दिला. जाता जाता एवढंच म्हणाले, "फक्त तेवढं स्पीड बरोबर करा." लग्नसराई तेव्हा संपत आली होती. नरसय्याला पाहिजे होतं ते हेच.

मग मामांच्या दुकानात सकाळी तालीम सुरू झाली. नरसय्याने वडिलांकडून मागावरून सुटी कशी काढली, ते त्यालाच ठाऊक. तारा ताणून वर चढवल्या. इस्माईलला तर आनंदच, त्याला आधीपासून पळायचंच होतं. हाल झाले ते नरसय्याचे. एवढ्या वर त्याचा आवाज जायचाच नाही, आणि गेला तर बारीक होऊन जायचा, मागे नुसती ओढाताण उरायची. ज्येष्ठमध चघळायचा, गरम पाणी प्यायचा आणि पुन्हा उभा राहायचा.

कुणी म्हणेल, पट्टी खाली घ्यायची. कोपऱ्यावरच्या भजनी मंडळालाही ते कळतं. आम्हालाही कळत होतं. वसंता एकदा म्हणालाही, "आपलं जुनंच चाललं असतं की. लोकांना आवडत होतं." इस्माईल म्हणाला, "नक्को मियाँ, पुनेवाले हसेंगे." आणि नरसय्या त्याच्यापेक्षा ठाम. "आता कळलंय की खरं काय ते," तो म्हणाला. "माहीत असून चुकीचं म्हणायचं व्हय? मी चढवतो आवाज. चढंल." रेकॉर्डमध्ये असेल तेच खरं, त्याच सुरात आणि त्याच वेगात. आमच्यासारख्या लांबच्या गावातल्या सगळ्याच वाजवणाऱ्यांचा तेव्हा असा समज होता. जेवढं हुबेहूब, तेवढे तुम्ही मोठे. कुणाची चूक म्हणून बोट दाखवता येत नाही, म्हणूनच ते इतकी वर्षं सलत राहिलं असावं.

पुण्याला आम्ही सगळ्यांनी सारखे शर्ट शिवून नेले. हॉटेलात दुपारची वेळ, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, एक माणूस फरशी पुसत होता. मॅनेजर मध्यमवयीन, सभ्य. समोर खुर्ची घेऊन बसले. माइकला रुमाल बांधायला लागलो तेव्हा ते "हे कशाला?" म्हणाले. आम्ही गुपचूप रुमाल खिशात घातले. तिथे शॉक बसत नव्हता.

आम्ही वाजवलं. एक चूक झाली नाही. नरसय्याने आवाज चढवला, खरंच चढवला, मानेच्या शिरा दिसत होत्या. विरहगीत, म्हणजे आता नाचायचं गाणं, सगळ्यात शेवटी. संपल्यावर मॅनेजरांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

"छान," ते म्हणाले. "अगदी रेकॉर्डसारखं."

नरसय्याने माझ्याकडे बघितलं. हसत होता.

"पण असं आहे," मॅनेजर म्हणाले, "रेकॉर्डसारखं वाजवणारे ग्रुप इथे पुण्यातच आहेत. त्यांना राहायला जागा द्यावी लागत नाही. सोलापूरहून तुम्हाला आणायचं तर काही वेगळं हवं. तुमचं स्वतःचं काही आहे का?"

मी वसंताकडे बघितलं. वसंता नरसय्याकडे बघत होता. बोलायचा हक्क त्याचा होता, गाणारा तो. अक्कलकोटच्या त्या आजोबांनी जमिनीवर बसून जे दोनदा ऐकलं होतं, ते आमच्याजवळ होतं. तारा सैल करायच्या आणि सुरू करायचं, एवढंच. नरसय्या शाळेत उत्तर येत नसल्यावर मुलं बोलतात तशा आवाजात म्हणाला, "नाही साहेब. आमचं असं काही नाही."

मॅनेजरांनी चहा पाजला आणि जायचं भाडं दिलं. वाईट वागले असते तर आम्हाला बरं वाटलं असतं.

गाडीत इस्माईलने सीटवर ठेका धरायचा प्रयत्न केला, मग तोही थांबला. सोलापूर स्टेशनवर उतरल्यावर नरसय्या मला म्हणाला, "जातो बे. सकाळी मागावर बसायचंय." ऑर्केस्ट्रात तो परत आला नाही. मी दोनदा घरी गेलो. मागाच्या खडखडाटात त्याने मला चहा पाजला आणि हातवारे करत इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. त्या आवाजात गाण्याचा विषय काढणं शक्य नव्हतं आणि मला वाटतं, त्याला तेच बरं वाटत होतं.

पुढे मी बरीच वर्षं वाजवलं. दुसरे गायक आले, दुसरे ड्रमर आले. मग इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला, एकटा माणूस सगळे आवाज काढायला लागला आणि ऑर्केस्ट्रा बारीक होत होत संपला. मी सात रस्त्याजवळ गिटारचे क्लास काढले. मुलं मोबाइलवर गाणं ऐकवून म्हणतात, "सर, अगदी असंच पाहिजे." मी शिकवतो. त्यातल्या एखाद्याने चुकून काही वेगळं वाजवलं तर मी त्याला थांबवत नाही, दोन मिनिटं तसंच वाजवू देतो. त्याला वाटतं, सरांचं लक्ष नाही.

तेव्हाच्या टेपरेकॉर्डरवर आमचं गाणं कुणी घेतलं नाही. मामांच्या दुकानात दुरुस्तीला आलेले टेप असायचे, मनात आणलं असतं तर सहज घेता आलं असतं. आमचं असलं काही टेप करून ठेवावं, असं कुणालाच वाटलं नाही, कारण रेकॉर्ड होती ना! तो आवाज कसा होता हे आता मी शब्दांत सांगतोय, ते काही कामाचं नाही हे मला कळतं.

नरसय्या गेल्या वर्षी गेला. नातेवाइकांची गर्दी ओसरल्यावर मी त्याच्या घरी गेलो. माग विकून टाकलेले, पुढची खोली रिकामी. लक्ष्मीवहिनी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या, पुढ्यात विड्यांचं सूप, पण हात थांबलेले. लग्न होऊन त्या या घरी आल्या तोवर नरसय्याने स्टेज सोडलं होतं, त्यामुळे त्यांनी त्याला गाताना कधी पाहिलं नव्हतं. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी विचारलं, "अण्णा, ते लग्नाआधी स्टेजवर गायचे म्हणतात सगळे. काय गायचे हो? मला कधी सांगितलंच न्हाय की."

माझा आवाज बरा नाही, कधीच नव्हता. तरी मी ते संथ गाणं गुणगुणलो. शब्द बरेचसे विसरलोय, म्हणून नुसती चाल. दोन ओळी झाल्या असतील. वहिनींनी मान वर केली.

"हे व्हय?" त्या म्हणाल्या. "हे तर रोजचं. मी विड्या वळत बसले की माग बंद करून हितं शेजारी बसायचे आन् हेच म्हणायचे. पोरी ह्याच्यावरच झोपायच्या. ह्याच्यापेक्षा पण सावकाश म्हणायचे ते."

"हेच स्टेजवर गायचा तो," मी म्हणालो. "इंग्रजी आहे."

"इंग्रजी होतं?" वहिनींनी पुढ्यातलं सूप बाजूला सारलं. "शब्द कळायचे न्हाईत मला. मला वाटलं, त्यांनीच केलंय."

रेकॉर्ड, होटगी, पुणं, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं.

"व्हय वहिनी," मी म्हणालो, "त्यानंच केलेलं."